मुक्काम, पोस्ट आणि श्लेष

'मु. पो. धाटाव, ता. रोहा, जि. रायगड.' पत्ता हा साहित्यप्रकार म्हणून कोणी अभ्यासाला लावलेला नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु वरील ओळ जरा थांबून वाचली तर तिच्यात एक मौज दिसते. 'मु.' म्हणजे मुक्काम. माणूस जिथे राहतो ते ठिकाण. 'पो.' म्हणजे पोस्ट. त्या ठिकाणची पत्रे ज्या कचेरीत येऊन पडतात ती कचेरी. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आडबाजूच्या एखाद्या वाडीवर राहणाऱ्याला मुक्काम वाडीचा आणि पोस्ट धाटावचे, अशी दोन नावे लिहावी लागतात. धाटावातच राहणाऱ्याचे दोन्ही एकच, म्हणून तो 'मु.' आणि 'पो.' जोडून टाकतो आणि गावाचे नाव एकदाच लिहितो. एका शब्दाने दोन अर्थ वाहिले. काव्यात याला श्लेष म्हणतात. पोस्टात सोय म्हणतात.

ही सोय कोणत्या क्षणी धोक्याची ठरते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो सुचला मात्र पोस्टावरून नव्हे, तर एका लायब्ररीवरून.

इथे खुलासा आवश्यक आहे. आम्ही शिक्षणाने मराठीचे आणि पोटापाण्याने प्रोग्रामर. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवायची आणि इतरांच्या प्रोग्रामांनी ती हवी तेव्हा वापरायची, अशा तयार संहितेच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. तिचा वाचक दुसरा प्रोग्रामर असतो. तिच्यातील शब्द निवडताना लेखकाला जो विचार करावा लागतो, तो शब्दकोशकाराच्या विचाराच्या फार जवळचा आहे. म्हणूनच ही हकीकत साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

धाटाव हे कुंडलिका नदीकाठचे गाव, आणि आज ते मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अलीकडच्या कारखान्यात दोन जाळी असतात. एक कचेरीचे, ज्यावर हिशेब, पत्रव्यवहार आणि हजेरी चालते. दुसरे यंत्रांचे, ज्यावर टाक्यांचे तापमान, दाब आणि झडपा यांचे नियंत्रण चालते. या दोहोंमध्ये फायरवॉल नावाचे कुंपण असते. कुंपणाच्या दारावर एक यादी असते: अमुक यंत्राला आत येऊ द्यावे, बाकीच्यांना देऊ नये. यादीतील नावे म्हणजे आयपी पत्ते.

अशाच एका कारखान्याची (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) यादी तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. तीत एक ओळ होती: १०.२०.३०.५/२४. लिहिणाऱ्याच्या मनात एकच संगणक होता, यंत्रांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचा. त्याने त्या संगणकाच्या पडद्यावर दिसणारा पत्ता जसाच्या तसा उतरवून घेतला होता. कुंपणाच्या प्रोग्रामने मात्र तिरक्या रेघेनंतरचे २४ वाचले, शेवटचा ५ हा आकडा फालतू समजून टाकून दिला आणि १०.२०.३०.० पासून १०.२०.३०.२५५ पर्यंतच्या सर्व २५६ पत्त्यांना दार उघडले. त्यात कचेरीतील प्रत्येक संगणक होता. लिहिणाऱ्याने एकवचन लिहिले, वाचणाऱ्याने अनेकवचन वाचले. पुढे काही अनर्थ घडला नाही, ओळ वेळेवर सापडली. पण दाराच्या पलीकडे रसायनांच्या टाक्या असताना एकवचन आणि अनेकवचन यांतील गफलत ही व्याकरणाची बाब उरत नाही.

या ओळीचा अन्वय लावण्यासाठी आयपी पत्त्याची घडण थोडीशी समजून घ्यावी लागेल. १९८१ साली प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता म्हणजे बत्तीस द्विमान अंकांची एक संख्या. असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ होतात. वाचायला सोपे जावे म्हणून ती संख्या चार तुकडे पाडून, मध्ये टिंबे देऊन लिहितात. पत्त्याचा आरंभीचा भाग जाळ्याचे नाव सांगतो आणि उरलेला भाग त्या जाळ्यातील यंत्राचे. आरंभीचा भाग किती लांब, हे तिरक्या रेघेनंतरचा आकडा सांगतो. /२४ म्हणजे पहिले चोवीस अंक जाळ्याचे, उरलेले आठ यंत्राचे. आठ द्विमान अंकांतून २५६ नावे तयार होतात. पूर्वी हे तुकडे ठरावीक मापांचेच पडत. २५६ पत्त्यांनी भागत नसेल तर पुढचे माप थेट ६५,५३६ चे. १९९३ साली ही वर्गव्यवस्था सोडून देण्यात आली आणि रेघ कुठेही मारण्याची मुभा मिळाली.

साहित्याच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपला पिन कोड नेमका याच कल्पनेवर उभा आहे. धाटावचा पिन ४०२११६, रोह्याचा ४०२१०९, पेणचा ४०२१०७. शेवटचे तीन आकडे बोटाने झाकले की तिन्ही गावे एका ४०२ मध्ये येतात. तेच पनवेल रायगड जिल्ह्यातच असून ४१० मध्ये जाते, आणि गोवा हे स्वतंत्र राज्य असून ४०३ घेऊन आमच्या शेजारी येऊन बसते. पोस्टाचे जाळे आणि महसुलाचा नकाशा एक नव्हेत, ही गोष्ट सहा आकड्यांत दिसते.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५–१९९९) केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते. परंतु संस्कृतच्या अभ्यासकांना ते कवी आणि नाटककार म्हणून ठाऊक आहेत. त्यांनी विलोमकाव्य लिहिले. सरळ वाचले तर रामाची स्तुती आणि उलट वाचले तर कृष्णाची, अशी त्याची रचना. ज्या माणसाने एकाच अक्षरमालेतून दोन देवांना वाट करून दिली, त्यानेच सहा आकड्यांची अशी माला रचली की तिचे वाचन एकाच दिशेने व्हावे आणि तिचा अर्थ एकच निघावा. आमच्या मते ही विसंगती नाही. दोन अर्थ निघू देण्यासाठी जी सावधगिरी लागते, तीच एक अर्थ राखण्यासाठीही लागते.

विलोमाचा उल्लेख केवळ शोभेचा नाही. मराठी पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो: व्यक्ती, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. पिन कोड मोठ्याकडून लहानाकडे येतो: विभाग, परिमंडळ, जिल्हा, कचेरी. इंटरनेटवरही हाच पेच आहे. संकेतस्थळाचे नाव आपल्या पत्त्यासारखे लहानाकडून मोठ्याकडे, आणि आयपी पत्ता पिन कोडसारखा मोठ्याकडून लहानाकडे. त्यामुळे आकड्यावरून नाव शोधायचे असेल तर २०३.०.११३.५ हा पत्ता ५.११३.०.२०३ असा उलटा करून विचारावा लागतो. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते २०१० पासून केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. कादंबरीतील काल्पनिक गावासारखे ते प्रत्यक्षात कोणाच्याही वाट्याला येत नाहीत.) हे उलटे करण्याचे काम लायब्ररीने स्वतःकडे घ्यावे, वापरणाऱ्याच्या हाती ठेवू नये, हा आमच्या आराखड्यातील पहिला आणि निर्विवाद निर्णय होता.

वाद पुढे सुरू झाला. १०.२०.३०.५/२४ हे नेमके काय आहे?

हा प्रश्न आमच्या आधी मोठमोठ्यांना पडलेला आहे. २००९ साली पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१ आवृत्तीत, गूगलमध्ये तयार झालेली आयपी पत्त्यांची एक लायब्ररी समाविष्ट होणार होती. ती स्वीकारली गेली, आणि प्रत्यक्ष प्रकाशनाच्या आधीच वगळण्यात आली. मुख्य आक्षेप असा होता की, तीत पत्ता आणि जाळे यांसाठी एकच संज्ञा होती. एकच वस्तू कधी एका यंत्राची भूमिका करी, कधी सबंध समूहाची. पुढे पुनर्विचार झाला आणि २०१२ च्या ३.३ आवृत्तीत तीन स्वतंत्र संज्ञा घेऊन नवी लायब्ररी आली: एक पत्त्यासाठी, एक जाळ्यासाठी, आणि एक 'अमुक जाळ्यातील अमुक पत्ता' यासाठी. एका शब्दाचे तीन शब्द झाले.

आम्ही आमची छोटी लायब्ररी याच पायावर रचली. तिचा हेतू मर्यादित आहे: वसाहतीतील लहान कारखान्यांत जे तंत्रज्ञ या याद्या सांभाळतात, त्यांना त्या तपासता याव्यात आणि चूक झाल्यास ती मराठीत कळावी. साहजिकच तीन संज्ञांना मराठी नावे हवी होती. 'पत्ता' सहज मिळाला. जाळ्यासाठी आम्ही 'वस्ती' घेतला, कारण जाळे म्हटले की तारा डोळ्यांपुढे येतात आणि इथे अभिप्रेत आहे तो समूह. तिसऱ्या संज्ञेने बरेच दिवस घेतले. अखेर आमच्या आडनावांनी वाट दाखवली. 'कर' लावलेले मराठी आडनाव एका माणसाचे असते आणि तरी गावाची खूण अंगावर वागवते. धाटावकर म्हणजे धाटाव नव्हे. एकट्या धाटावकराला जेवायला बोलावले म्हणून सारे गाव पंगतीला बसत नाही. म्हणून तिसऱ्या संज्ञेचे नाव 'रहिवासी' ठरले. तंत्रज्ञाने पडद्यावरून उतरवून घेतला होता तो रहिवासी. कुंपणाने वाचली ती वस्ती.

संज्ञा वेगळ्या केल्या की पुढचे नियम आपोआप सुचत जातात. रहिवासी आणि नुसता पत्ता यांचे आकडे जुळले, तरी ते समान मानू नयेत. कारण एकाला गाव आहे आणि दुसऱ्याचे गाव ठाऊक नाही. वस्ती म्हणजे घरांची यादी नव्हे, तो एक नियम आहे. म्हणून ती मनात धरायला आरंभ आणि लांबी हे दोन आकडे पुरतात. सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांत हे कळीचे ठरते. तेथील एका नेहमीच्या वस्तीत जितके पत्ते असतात, तितके चौथ्या आवृत्तीच्या एकूण संख्येला तिनेच गुणले असता येतात. त्यांची यादी करू पाहणारा प्रोग्राम आयुष्यभर लिहीतच राहील. आणि १० ने सुरू होणारे पत्ते, १९९६ च्या दस्तऐवजानुसार, खासगी आहेत. ते धाटावच्या कारखान्यात असतील तसेच पेणच्या शाळेतही असतील. 'मारुतीच्या देवळासमोर' हा पत्ता गावात अचूक आणि गावाबाहेर निरर्थक, तसाच हा प्रकार.

आता मुख्य तिढा. कोणी वस्तीच्या जागी १०.२०.३०.५/२४ असे लिहिले, तर लायब्ररीने काय करावे? आमच्या सहकाऱ्याचे मत होते की शेवटचा ५ गुपचूप टाकून पुढे जावे. लोकांना अडवू नये. या मताला मोठा आधार आहे. इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक, जॉन पोस्टेल यांनी १९८० साली एक सूत्र सांगितले होते. त्याचा आशय असा की, आपण पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. या औदार्यावर इंटरनेट वाढले यात शंका नाही.

या वादाच्या दिवसांत आम्ही गावातील एका निवृत्त पोस्टमनकाकांना सहज विचारले, "काका, पत्ता अर्धवट असला तरी पत्र पोहोचायचं कसं हो?"

ते म्हणाले, "बाळा, पत्त्यात काय लिहिलंय ते थोडं, आणि कोणाला कुठून पत्र येतं ते आम्हाला ठाऊक असतं ते जास्त. पाकिटावरचं अक्षरसुद्धा ओळखीचं असतं. माझ्या जागी नवा माणूस आला ना, की तेच पत्र परत जायचं. आणि परत गेलेलं बरं. भलत्याच्या दारात पडण्यापेक्षा बरं."

आमच्या वादाचा निकाल या उत्तराने लागला. काका उदार वाचक होते, कारण ते जाणते वाचक होते. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला सहृदय म्हणतात, तो लिहिलेल्याच्या पलीकडचे वाचू शकतो, कारण त्याच्यापाशी संस्कार आणि संदर्भ असतो. श्लेष त्याच्यासाठीच असतो. दोन्ही अर्थ तो एकाच वेळी धरून ठेवतो. कुंपणावरच्या प्रोग्रामपाशी गाव नाही, ओळख नाही, पाकिटावरचे अक्षर नाही. त्याने दाखवलेले औदार्य हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकला तरी तो तितक्याच ठामपणे दार उघडतो. २०२३ साली इंटरनेटच्या प्रमाणकांवर देखरेख करणाऱ्या मंडळानेही पोस्टेल यांच्या सूत्राचा फेरविचार करणारा दस्तऐवज काढला. चुका निमूटपणे पचवत राहिले की त्याच रूढ होतात, हे त्याचे एक प्रतिपादन आहे. भाषेच्या अभ्यासकांना हे निराळे सांगायला नको.

चुकीला दोन अर्थ फुटले की काय होते, याचे उदाहरण पायथनमध्येच घडले. ०१०.८.८.८ या पत्त्यातील आरंभीचे शून्य वाचण्याच्या दोन परंपरा आहेत. एका परंपरेत ते निरुपयोगी, म्हणून पहिला आकडा दहा. दुसऱ्या परंपरेत आरंभीचे शून्य ही अष्टमान लेखनाची खूण, म्हणून तोच आकडा आठ. दहा म्हटले तर पत्ता घरातला, खासगी. आठ म्हटले तर तो बाहेरच्या जगातला. पहारेकरी एका परंपरेचा आणि आतला कारभारी दुसऱ्या परंपरेचा असेल, तर परक्याने घरच्याच्या नावाने शिरावे, किंवा उलट, हे शक्य होते. असे शून्य न स्वीकारण्याची जुनी शिस्त पायथनच्या २०१९ मधील ३.८ आवृत्तीत सैल झाली. २०२१ साली ती सुरक्षेतील त्रुटी म्हणून नोंदली गेली आणि शिस्त परत आली.

अंकांचा विषय निघाला म्हणून एक अडचणीचा मुद्दाही सांगितला पाहिजे. पायथनला '१०' हे देवनागरीत लिहिले तरी दहा म्हणून समजते. संख्या वाचण्याची तिची सामान्य रीत अनेक लिप्यांचे अंक ओळखते. परंतु तिची आयपी पत्त्यांची लायब्ररी ते मुद्दाम नाकारते. मूळ संहितेतील एका टिपणीत अशा सढळ स्वीकाराला विचित्र म्हटलेले होते. मराठीसाठी म्हणून लिहिलेल्या लायब्ररीने आपलेच अंक नाकारावेत काय? आमच्यात यावर बरीच धुसफूस झाली. अखेर असे ठरले की, माणूस जिथे टंकलेखन करतो त्या पडद्यावर देवनागरी अंक घ्यावेत, तिथेच त्यांचे रूपांतर करावे आणि रूपांतरित पत्ता त्याला पुन्हा दाखवून त्याची संमती घ्यावी. कुंपणाच्या आत मात्र एकाच रूपाचे अंक जावेत. या लेखात आम्ही सर्व पत्ते देवनागरीत छापले आहेत. आमच्या लायब्ररीचा गाभा त्यातील एकही स्वीकारणार नाही. याचे वाईट वाटते, नाही असे नाही. पण एकाच दाराच्या दोन यादींत एकच पत्ता दोन लिप्यांत असेल, तर तो एकच आहे हे ओळखण्याची जबाबदारी पुन्हा त्याच अडाणी पहारेकऱ्यावर येते.

तेव्हा लायब्ररी काटेकोर झाली. परंतु काटेकोरपणाचेही दोन प्रकार असतात. 'अवैध पत्ता' एवढे म्हणून दार आपटणारा एक, आणि विचारणा करणारा दुसरा. आम्ही पत्त्यांच्या गणितावर जितके श्रम घेतले, त्याहून अधिक एका वाक्यावर घेतले. कोणी वस्तीच्या जागी रहिवासी लिहिला, तर पडद्यावर आता असे उमटते:

'१०.२०.३०.५/२४ मध्ये वस्ती आणि यंत्र दोन्ही आले आहेत. एकच यंत्र हवे असल्यास १०.२०.३०.५/३२ लिहा. सगळी वस्ती (२५६ पत्ते) हवी असल्यास १०.२०.३०.०/२४ लिहा. आपण ठरवल्याशिवाय यादी बदलणार नाही.'

पहिल्या मसुद्यात कंसातील आकडा नव्हता. तो घातल्यावर तंत्रज्ञांच्या वागण्यात पडलेला फरक आम्ही पाहिला आहे. 'सगळी वस्ती' हे शब्द डोळ्यांखालून सहज निघून जातात. '२५६ पत्ते' वाचले की हात थांबतो. समूहवाचक शब्दाला संख्या जोडली की तो एकदम खरा होतो, हे आम्ही वर्गात शिकलो नव्हतो.

सहकाऱ्याची एक तक्रार अजून शिल्लक आहे. त्याचे म्हणणे, लोक या प्रश्नाला कंटाळून दरवेळी दुसराच पर्याय निवडतील, आणि मग विचारल्याचे पुण्यही पदरी पडणार नाही. ही शंका रास्त आहे. विचारलेला प्रश्न वाचला जाईलच असे कोणता लेखक सांगू शकेल? पण मग निदान सगळ्या वस्तीला दार उघडले ते एका माणसाने, आपल्या हाताने आणि संख्या वाचून, एवढे तरी यादीत नोंदलेले राहील. रोठ बुद्रुक आणि रोठ खुर्द अशी दोन गावे आमच्या शेजारी आहेत. नुसते 'रोठ' लिहिले तर कोणते, हे इथे अजूनही विचारतात, आणि विचारल्याबद्दल कोणी रागावत नाही.